पाच पट्ट्या

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार लिहीत नाही. तुझ्या रस्त्याने आईचं मनगट मोडलं.

फोनवर तिने तुला "जरा लचकलं" असं सांगितलं, ते मी शेजारी उभा राहून ऐकलं. लचकलेलं नाही. मोडलं आहे, आणि तेही उजवं. कोपरापर्यंत प्लास्टर आहे. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आहेत.

रविवारी सकाळी ती रोजच्यासारखी चाकाच्या खुर्चीत बसून, एकटीच चाकं ढकलत फाटकाकडे निघाली होती. फाटकाजवळच्या भेगेत पुढचं छोटं चाक अडकलं. तिथे रस्ता एका बाजूने अर्धा इंच खचला आहे. खुर्ची थांबली, आई थांबली नाही. समोरच्या काकू किंचाळल्या म्हणून बाबा धावले. आई जमिनीवर पडल्या पडल्या काकूंना म्हणाली, "ओरडताय काय, आधी खुर्ची सरळ करा." लोकांना ती हसून सांगते हे. मला हसू येत नाही.

त्या दिवसापासून बाबांनी दाराची वरची कडी लावली आहे. वरच्या कडीला आईचा हात पोचत नाही, हे बाबांना चांगलं माहीत आहे. "रस्ता धड झाल्याशिवाय ही कडी निघणार नाही," असं ते म्हणाले. म्हणजे आता आई दिवसभर खिडकीत बसते आणि लिंबाच्या झाडाचा फक्त शेंडा बघते. चार पावलांवर बाग आहे आणि तिला खिडकीतून बघावी लागते.

मी म्हणालो, मी दुरुस्त करतो.

"तू? तू दुकानात बसून फोटोला काचा काप," बाबा म्हणाले.

म्हणून मोजलं सगळं. तुला आठवत नसेल तर सांगतो. छत्तीस फूट लांब, तीन फूट रुंद. भेगा नऊ. त्यातल्या चार बारीक, केसासारख्या, वेड्यावाकड्या. पाच आडव्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाबा म्हणतात, छत्तीस फूट सांधे न ठेवता एका लादीसारखं ओतलं की हेच होणार, शेंबड्या पोरालाही कळतं. मी भेगा पुन्हा मोजल्या.

तुझा तो पहिला रस्ता होता. कारखान्यातली बाबांनी लावून दिलेली नोकरी सोडून तू मिस्त्रीच्या हाताखाली गेलास, आणि बाबांना म्हणालास, घरचा रस्ता मी एकटा करतो, वर्षभर टिकला तर मला मिस्त्री म्हणा. आठव्या महिन्यात पहिली भेग आली. बाबा कारखान्यात जसा एकेक नग हातात घेऊन बघायचे तशी त्यांनी वाकून ती भेग बघितली आणि म्हणाले, "नापास." तू त्यावर भांडलासुद्धा नाहीस. पिशवी भरलीस आणि गेलास. आता म्हणे कुठेतरी नदीवर पूल बांधतोस.

तुझ्या मागे आईला उचलायला, बसवायला, दवाखान्यात न्यायला घरात कुणीतरी हवं होतं. मी दहावीची परीक्षा दिली नाही. हे तुला कुणी सांगितलं की नाही माहीत नाही, म्हणून लिहिलं.

पत्र अशासाठी लिहितो की फोनवर मी अडखळतो आणि तू हसून विषय बदलतोस. पत्रात तुला हसता येत असेल तर हस.

घरात राहिलेला.


१० फेब्रुवारी

दादा,

दुकानातून दोन दिवस सुट्टी घेऊन सगळ्या भेगा भरल्या. ब्रशने धूळ काढली, पातळ सिमेंट ओतलं, वरून पत्र्याने सारखं केलं. पुसून काढल्यावर रस्ता इस्त्री केल्यासारखा दिसत होता. बाबा दारात उभे राहिले, बघितलं, म्हणाले, "थांबू दोन दिवस."

दोन दिवस कशाला, दुसऱ्या दिवशी दुपारीच पोपडे निघाले. आडव्या पाचही भेगा जिथल्या तिथे.

शेवटी तुझ्या ओळंबा मिस्त्रींकडे गेलो. मला त्यांच्याकडे जायचं नव्हतं. का ते विचारू नकोस. ते अजून तसेच आहेत, काठीसारखे सरळ, खाली बघताना मानसुद्धा वाकवत नाहीत, नुसती नजर टाकतात. रस्त्यावर आले आणि माझं काम बघून हसायला लागले.

"अरे, तापलेल्या माणसाला पावडर लावलीस तू. वास छान येतोय, ताप आहेच."

"मग काय करू?"

"आधी ही भेग जिवंत आहे का मेलेली, ते बघ."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते खरंच तसंच असतं. काही भेगा एकदा पडतात आणि तिथेच थांबतात, त्या मेलेल्या. काही भेगा रोज हलतात. उन्हात रस्ता फुगतो, थंडीत आकसतो, त्याप्रमाणे त्या मिटतात आणि उघडतात. त्या जिवंत. जिवंत भेगेत सिमेंट भरलं की ती ते थुंकून टाकते.

"ओळखायचं कसं?"

"काच चिकटव. आडवी. दोन्ही टोकं सिमेंटने पक्की कर आणि वर तारीख लिही. भेग हलली तर काच तडकेल. काच खोटं बोलत नाही."

काचा माझ्याकडे होत्याच. फ्रेमच्या दुकानात कापून उरलेले तुकडे मालक फेकायला सांगतात. मी चार इंची नऊ पट्ट्या कापल्या, कडा घासल्या, नऊ भेगांवर चिकटवल्या आणि प्रत्येकीवर बारीक ब्रशने तारीख लिहिली. आई खिडकीतून ओरडली, "पोरा, फोटो कुणाचा लावतोयस त्यात?"

मिस्त्री जाताना म्हणाले, "चांगलं मोजतोस तू. तुझा भाऊ तुला काय म्हणायचा रे?"

"फूटपट्टी."

"हं," म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला ते बघणं आवडलं नाही.

तू दिलेल्या नावाने मला आता कुणी हाक मारत नाही. तेवढं एक बरं झालं.

धाकटा.


२५ फेब्रुवारी

दादा,

रविवारी फोनवर तू म्हणालास, "पत्रं मिळाली. अक्षर काय सुंदर आहे रे तुझं!" मी तुला आईच्या मनगटाबद्दल लिहितो, रस्त्याबद्दल लिहितो, माझ्या शाळेबद्दल लिहितो, आणि तुला अक्षर दिसतं. मग वर म्हणालास, "रस्त्याचं मनावर घेऊ नकोस. चूक माझीच होती ती."

मी फोन आईच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो. ते वाक्य तू पुन्हा बोलू नकोस. कोणाच्या चुका कोणाच्या, हे तू ठरवू नकोस.

काचांचं सांगतो. पंधरा दिवस रोज सकाळी आणि दुपारी बघितलं. बारीक चार भेगांवरच्या काचा शाबूत आहेत. त्या मेलेल्या. त्यांच्यात छिन्नीने खाच पाडली, आत रुंद, वर अरुंद, म्हणजे भरलेला माल बाहेर येत नाही. ब्रशने धूळ काढली, रात्रभर ओलं ठेवलं, मग वाळू-सिमेंट ठासून भरलं. चारही पक्क्या बसल्या आहेत.

आडव्या पाचही भेगांवरच्या काचा तडकल्या. पहिली तिसऱ्या दिवशीच. शेवटची काल दुपारी, मी समोर असताना. टिक असा आवाज झाला, एवढाच.

मिस्त्री आले. मी टेप धरला, त्यांनी वाचलं. दारापासून पहिली भेग पाच फूट दहा इंचांवर. दुसरी बारा फूट दोन इंच. तिसरी अठरा फुटांवर, अगदी नेमकी. चौथी तेवीस फूट नऊ. पाचवी, फाटकाजवळची, तीस फूट तीन.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"दर सहा फुटांवर."

"सहा फुटांवर. कुणी आखून दिल्यासारखं. सिमेंटचं असं असतं बघ. त्याला अंग हलवायला जागा लागते. तुम्ही सांधा दिलात तर ते तिथे हलतं. नाही दिलात तर ते स्वतःच्या हाताने घेतं." मग म्हणाले, "सहा-सहा फुटांवर सांध्यासाठी लाकडी पट्ट्या ठेवायच्या असं तुझ्या भावाला मीच सांगितलं होतं. तो ऐकणारा पोरगा होता."

मी टेप गुंडाळत होतो. टेप मधेच सुटला आणि बोट कापलं.

दादा, मला ते अंतर मोजायची गरजच नव्हती. सहा फूट मला माहीत होतं. तू पट्ट्या ठेवत होतास तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

बाकी पुढच्या वेळी लिहितो. आज हात दुखतो आहे.

धाकटा.


८ मार्च

दादा,

हे पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. आता चुकलं तरी पाठवणार आहे.

पट्ट्या मी काढल्या होत्या.

तू सकाळी रस्ता ओतलास. सहा-सहा फुटांवर तेल लावलेल्या पाच लाकडी पट्ट्या उभ्या ठेवल्यास. मला म्हणालास, "उद्या सकाळपर्यंत हात लावू नकोस," आणि मिस्त्रींची घमेली परत करायला गेलास. मी बागेत एकटा होतो. आईची खुर्ची त्या वेळी घरात नवीनच आलेली. उंबऱ्यावरून जाताना चाक आपटलं की आई डोळे मिटून घ्यायची. तसे पाच उंबरे तू रस्त्यात करून ठेवले आहेस, असं मला वाटलं. जाताना पाच, येताना पाच, रोज दहा वेळा ती डोळे मिटणार. संध्याकाळ व्हायच्या आत मी फळीवर ओणवा झालो, पाचही पट्ट्या हळूच उपसल्या, खाचांत उरलेला माल भरला आणि तुझ्याच थापीने पुसून सारखं केलं. एकही खूण ठेवली नाही. पट्ट्या नळाखाली धुतल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. मी काहीतरी फार चांगलं केलं आहे असं मला वाटत होतं.

सकाळी पट्ट्या भिंतीपाशी नव्हत्या. तूही काही बोलला नाहीस, बाबाही नाहीत. मला वाटलं, कुणाला कळलंच नाही.

आठ महिन्यांनी बाबांनी तुला त्या भेगेपाशी उभं केलं. "सांधे कुठे आहेत?" मी पाणी घालायचा झारा हातात घेऊन लिंबाच्या झाडाखाली उभा होतो. तू म्हणालास, "राहून गेले." माझ्याकडे बघितलंही नाहीस. आणि मी तिथेच उभा राहिलो. झाऱ्यातलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं. माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

पहिल्या पत्रात मी तुला कायकाय लिहिलं ते मला पाठ आहे. माझ्याकडे नक्कल आहे. त्यातला एकही शब्द मागे घेत नाही, कारण परवा मला कळलं की तुला सगळं माहीत होतं.

परवा मिस्त्री कटर मशीन घेऊन आले. जिवंत भेगांच्या जागी सरळ रेघा कापायच्या आणि त्यात मऊ राहणारा मसाला भरायचा, म्हणजे त्या हलल्या तरी चालेल, असं ठरलं. फाटकाजवळचा चौकोन मात्र फोडूनच नवा करावा लागणार. भेगेतून बागेचं पाणी खाली जाऊन माती वाहून गेली आहे. तिथे एक पट्टी लागेल म्हणून मी विचारलं, "पट्टी आणू का कुठून?"

"आहेत की माझ्याकडे. त्याच, तुमच्या. तुझ्या भावाने दुसऱ्या दिवशी सकाळीच आणून दिल्या. मी म्हटलं, अरे एवढ्यात काढल्यास? म्हणाला, मी नाही काढल्या."

मी मशीनचं बटण बंद केलं.

"मी त्याला म्हटलं, काँक्रीट अजून हिरवं आहे, पुरतं घट्ट झालेलं नाही. कटर घेऊन जा, पाच रेघा मार. तासाभराचं काम आहे. तर म्हणाला, नको मिस्त्री. धाकट्याने आईसाठी केलंय. कापलेलं बघितलं तर तोंड पडेल त्याचं."

"आणि तुम्ही इतकी वर्षं मला काही बोलला नाहीत?"

"त्याने शपथ घातली होती. पण शपथेलाही गंज चढतो रे. आणि बाई पडल्या आता."

तासाभराचं काम होतं, दादा. मशीन होतं, मिस्त्री सांगत होते, भेगा पडणार हे तुला माहीत होतं. आणि तू माझं तोंड पडू नये म्हणून तो रस्ता तसाच ठेवलास! माझं तोंड पडलं असतं तर काय झालं असतं? संध्याकाळपर्यंत सावरलं असतं. मी सोळा वर्षांचा होतो, सहा महिन्यांचा नव्हतो. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास, एक कानाखाली मारली असतीस, मी रडलो असतो आणि आईचं मनगट आज धड असतं.

त्याऐवजी तू "राहून गेले" म्हणालास आणि मोठा झालास. सगळी चूक पिशवीत भरून घेऊन गेलास. मला काय ठेवलंस? तुझ्यावर चिडायची सोय ठेवलीस. चार वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, कारण तसं केलं नसतं तर त्या सगळ्या मला स्वतःला द्याव्या लागल्या असत्या. आणि तू दर रविवारी फोन करून हसत होतास!

मला असा भाऊ नको होता. मला भांडणारा भाऊ हवा होता.

बाबांना मी उद्या सांगणार आहे.

पट्ट्या काढणारा.


१२ मार्च

दादा,

सांगितलं.

तोंडी जमलं नसतं. वाचताना मी अडखळत नाही, म्हणून तुला पाठवलेल्या पत्राची नक्कल घेतली आणि चहाच्या वेळी दोघांसमोर उभं राहून वाचली. "पट्ट्या मी काढल्या होत्या" इथपासून शेवटपर्यंत. आईने कप खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

बाबा म्हणाले, "झालं वाचून?"

"हो."

ते उठले, खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि बागेत गेले. पाचही ठिकाणी वाकून बघितलं. आत आले तेव्हा गुडघ्यांना धूळ लागली होती. ती झटकलीसुद्धा नाही.

"तीस वर्षं माल तपासला मी," म्हणाले. "चांगला नग बाद केला, असं एकदाही झालं नव्हतं." मग माझ्याकडे वळले. "आणि तू! तोंड शिवून बसलास. चार वर्षं माझ्या ताटाशेजारी ताट मांडून जेवलास."

मी हातातल्या नकलेची घडी घालत राहिलो.

बोलली आई. आजपर्यंत मी तिला असं चिडलेलं बघितलं नव्हतं. पडली तेव्हाही नाही.

"तुम्ही तिघेही गप्प बसा आता. याने माझ्यासाठी पट्ट्या काढल्या. त्याने याच्यासाठी तोंड मिटलं. तुम्ही माझ्यासाठी दाराला कडी लावलीत. तिघांनी मिळून माझ्यासाठी एवढं केलंत, पण मला एकाने तरी विचारलंत का? धक्के बसतील म्हणे! तीस वर्षं शिलाई मशीनवर बसले मी. दिवसभर माझ्या पायाखाली खडखड चालायची. मला धक्क्यांची भीती?"

"पण आई, उंबऱ्यावर तू डोळे मिटायचीस."

"अरे खुळ्या, समोरून उजेड यायचा डोळ्यावर! दुसरं काय करायचं?"

दादा, उजेड. मी चार वर्षं घर मोडून ठेवलं ते उजेडासाठी.

मग तिने प्लास्टरचा हात दाराकडे केला आणि बाबांना म्हणाली, "ती वरची कडी आत्ताच्या आत्ता काढा. नुसती लावू नका असं म्हणत नाही. स्क्रू काढून दारावरूनच काढा."

बाबा स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेले. मी आणून देणार होतो, तर म्हणाले, "तू राहू दे." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मात्र काल मी फाटकाजवळचा चौकोन फोडत होतो, तर न बोलता येऊन मागे उभे राहिले आणि फुटक्या काँक्रीटचं राबिट उचलून बाहेर टाकायला लागले. छिन्नी मागितली की छिन्नी देतात, हातोडा मागितला की हातोडा. तोंडाने एक शब्द नाही.

तुझा फोन रविवारी येईल. मी उचलणार नाही. अजून राग आहे.

धाकटा.


२२ मार्च

दादा,

आईचं प्लास्टर निघालं. हात बारीक झाला आहे आणि पांढरा पडला आहे. ती म्हणते, दुसऱ्या कुणाचा तरी लावून दिला.

रस्ता झाला, एक चौकोन सोडून. चार सांधे सरळ कापले, मसाला भरला, तो वाळला. फाटकाजवळ माती काढून मुरूम ठोकून घट्ट केला आणि परवा काँक्रीट ओतलं. माल मी कालवला. थापी मिस्त्रींनी मला दिली. जुन्या भागाला जिथे नवा चौकोन लागतो, तिथे पाचवी पट्टी उभी करायची होती. ती बाबांनी मागितली. तेल लावलं, ठेवली, पातळी लावून बघितली, पुन्हा बघितली. मग अकरा दिवसांनंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले.

"हिला हात लावशील तर तंगडं मोडीन."

मिस्त्री इतके हसले की त्यांना वाकावं लागलं. त्यांना वाकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

काल सकाळी आई बाहेर आली, दीड महिन्यानंतर. मी मागून धरणार होतो, तिने झिडकारलं. डाव्या हाताला जोर जास्त आणि उजव्याला कमी, त्यामुळे खुर्ची सारखी वाकडी जात होती आणि ती सरळ करत होती. बाबा एका कडेने, मी दुसऱ्या कडेने, दोघेही हात पुढे करून, न धरता. पहिल्या सांध्यावर चाक आलं. टक. मी आईच्या तोंडाकडे बघितलं. डोळे उघडे होते. "एक," म्हणाली. मग दोन. तिसऱ्याला लिंबाचं झाड आलं, तिथे थांबून तिने एक पान तोडलं, चुरगाळलं आणि हुंगत बसली. "चार" म्हटल्यावर पुढे ओला चौकोन होता, त्यावर भिजवलेली पोती टाकली होती. तिथे ती थांबली.

"आता कळतं तरी, किती आले आणि किती राहिलं," म्हणाली. "आधी नुसतंच जात होते."

नंतर ती आणि समोरच्या काकू ओल्या चौकोनाच्या दोन बाजूंनी तासभर बोलत बसल्या. दोघींनाही ऐकू जावं म्हणून दोघी ओरडत होत्या. सगळ्या गल्लीला आपल्या घरातलं आता सगळं माहीत आहे. तुझंही.

रात्री बाबा माझ्या टेबलापाशी आले. "त्याला लिहितोस ना?"

"हो."

"मग लिही, नवा चौकोन तपासायला ये म्हणावं."

"तुम्ही आहात की तपासायला."

"मी पट्टी ठेवली आहे त्यात. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नसतं. कारखान्याचा नियम आहे." खिशातली स्टीलची पट्टी चाचपली. "बाहेरचा माणूस लागतो. त्यातलं कळणारा."

एवढंच. यापेक्षा जास्त ते बोलणार नाहीत आणि तूही त्यांच्याकडून जास्त काढायला बघू नकोस.

माझं मी सांगतो. माझा राग गेलेला नाही. तू आलास की मी तुझ्याशी भांडणार आहे, अडखळत का होईना, पण पुरतं भांडणार आहे. तू हसायचं नाहीस. "चूक माझीच" म्हणायचं नाहीस. तुलाही माझ्यावर राग असेलच. चार वर्षं परक्या गावात राहिलास, पहिला रस्ता गेला, नाव गेलं. तो सगळा घेऊन ये. घरी ठेवून येऊ नकोस. हसत आलास तर फाटकातूनच परत पाठवीन.

आलास तर हे लक्षात ठेव. नव्या चौकोनावर २७ तारखेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही, आणि खुर्ची ३ एप्रिलपर्यंत न्यायची नाही. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी मारतो आहे. पट्टी मिस्त्री येऊन काढतील.

त्याआधी आलास तर फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला फळी टाकलेली आहे, तिच्यावरून ये. फळी मधोमध हलते, खाली मी वीट सरकवली आहे. तरी पिशवी जड असेल तर एका दमात येऊ नकोस. हाक मार, मी येऊन दुसरं टोक धरतो.

फूटपट्टी.